खटका माझा, हॅन्डल त्याचं

मला आमच्या ट्रॅक्टरचा राग येतो. लोक जुन्या यंत्रांवर माया करतात, बॉनेटवर हात ठेवून फोटो काढतात आणि म्हणतात, वा, काय वस्तू जपलीय तुम्ही! आम्ही काहीही जपलेलं नाही. ते गळ्यात पडलंय आणि सुटत नाही, म्हणून आहे. मागच्या उन्हाळ्यात पवनीचे जुने अवशेष बघायला आलेला एक शहरी माणूस वाट चुकून आमच्या गावात शिरला आणि चिंचेखाली उभा असलेला आमचा ट्रॅक्टर बघून हरखून गेला. मला म्हणाला, "एकदा हॅन्डल मारून चालू करून दाखवा ना." मी म्हटलं, त्यासाठी आधी माझ्या भावाला बोलवावं लागेल आणि मी त्याला बोलवत नाही. त्याला वाटलं मी गंमत करतेय. हसला, पाणी प्यायला आणि निघून गेला.

गंमत नव्हती. हा ट्रॅक्टर एका माणसाने चालू होत नाही. किल्ली फिरवली की सुरू होणारे ट्रॅक्टर आता गल्लोगल्ली आहेत, पण आमच्याचा सेल्फ वडिलांनी तो जुना घेतला तेव्हाच मेलेला होता. त्याला पुढून लोखंडी हॅन्डल लावायचं आणि हाताने फिरवायचं. नुसतं फिरवून भागत नाही. इंजिनात दाबली गेलेली हवा हॅन्डलला हलू देत नाही. म्हणून इंजिनावर एक खटका आहे. तो उचललेला असला की हवा निघून जाते आणि हॅन्डल हलकं फिरतं. एकाने पुढे उभं राहून जीव खाऊन फिरवायचं, आतलं जड चाक गरगरायला लागलं की "पाड!" म्हणून ओरडायचं आणि दुसऱ्याने सीटवरून वाकून नेमका तेव्हा खटका पाडायचा. जमलं तर इंजिन धडधडतं. खटका उशिरा पडला तर सगळं पहिल्यापासून. आणि चाकाला वेग यायच्या आधीच पडला, तर इंजिन हॅन्डल उलटं फेकतं. त्या झटक्याने मनगट मोडतं. आमच्याकडे एखाद्या म्हाताऱ्याचं मनगट वाकडं जुळलेलं दिसलं तर कसं मोडलं म्हणून कोणी विचारत नाही.

वडिलांनी खटक्यावर आधी भावाला बसवलं होतं, तो थोरला म्हणून. पण तो उतावळा. वडिलांच्या तोंडून शब्द निघायच्या आत त्याने खटका पाडला आणि वडिलांचा हात कोपरापर्यंत सुजला. त्यांनी त्याला सीटवरून खाली ओढून एक ठेवून दिली आणि मला उचलून वर बसवलं.

"डोयानं पाहू नको," ते म्हणाले. "कानानं आयक."

मी ऐकायला लागले. चाक जड असतं तेव्हा आवाज तुटक येतो, घर्र, घर्र, मध्ये थांबत. वेग आला की मधलं थांबणं जातं आणि एकच सलग गुरगुर राहते. ती गुरगुर आली की पाडायचा. ओरडणारा कधी घाईत आधी ओरडतो, कधी दम संपल्यावर ओरडतो. त्याच्या ओरडण्यावर जायचं नाही, चाकावर जायचं. गावाला वाटायचं, पोरगी म्हणून बसायचं हलकं काम दिलंय. वाटू दे. गावाला काय वाटतं याचा हिशेब ठेवायला मी तेव्हाही बसले नव्हते.

पुढे भावाच्या दंडात ताकद आली आणि हॅन्डल त्याच्याकडे गेलं. मारायचा मात्र झोकात. नको त्या झोकात. हॅन्डल धरायची एक रीत आहे. चार बोटं वरून घालायची आणि अंगठाही त्या चार बोटांच्या शेजारीच ठेवायचा, दांडीला खालून विळखा घालायचा नाही. म्हणजे झटका आलाच तर दांडी मुठीतून निसटून जाते, हात वाचतो. अंगठ्याने आवळून धरली तर दांडीबरोबर हातही उलटा जातो. ही रीत वडिलांनी त्याला शंभरदा सांगितली असेल. हा आपला मूठ आवळून उभा.

"अंगठा बाहेर घे बे!" वडील ओरडायचे. "झटका आला तं मनगट जाईन तुयं."

"कायले येईन झटका?" तो म्हणायचा. "ते हाय ना खटक्यावर."

ते म्हणजे मी. मला या वाक्याचा फार संताप यायचा. गोठ्यात बैल आहे, विहिरीवर दोर आहे, खटक्यावर ही आहे. नाव नाही, विचारणं नाही. उठून कुठे जायचं असलं तरी याचा ट्रॅक्टर चालू होईपर्यंत मी तिथेच असणार हे यानेच ठरवून टाकलेलं.

मग माझं लग्न झालं, मी गेले, आणि परत आले. का परत आले ते इथे सांगत नाही. गावाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, हवं तर तिथे विचारावं. वडील तेव्हा खाटेवर होते. त्यांचं करायला मी होते, वहिनीही होती, भाऊ दारातून डोकावून जायचा. जायच्या आधी वडिलांनी नातलगांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर तलावाखालच्या बांध्या माझ्या नावाने तोडून दिल्या. आमच्याकडे धानाच्या चौकोनी तुकड्याला बांधी म्हणतात आणि तलावाखालची बांधी म्हणजे सोनं. तिथलं पाणी हटत नाही.

भावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बहिणीला साडी देतात, फार तर गाय देतात. तलावाखालची बांधी कोण देतं? त्याने वडिलांना काही म्हटलं नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईच्यानं धान होते काय? दोन सालात पडीत पडन."

तेव्हा आमच्या थोरल्या काकांनी मधला मार्ग काढला. असले मध्यम मार्ग काढणाऱ्या माणसांना मी आता लांबूनच नमस्कार करते. ते म्हणाले, "कसन तोवर तिची. एक साल जरी रोवणा नाई झाला, तं भावाची." सगळ्यांनी मान हलवली. वडिलांनीही हलवली, कारण त्यांना माहीत होतं मी पडीत ठेवणार नाही. भावाने सगळ्यात आधी हलवली, कारण त्याला वाटलं ठेवीन. त्या दिवसापासून दर पावसाळ्यात माझी परीक्षा असते. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला की मी पास, वर्षभरापुरती.

ट्रॅक्टरची वाटणी झाली नाही. तो कापून दोन करता येत नव्हता आणि सोडायला दोघंही तयार नव्हतो. त्याला कारण आहे. तलावाखाली माती इतकी मऊ की हल्लीचे मोठे ट्रॅक्टर तिथे पोटापर्यंत फसतात, मग त्यांना काढायला दुसरा आणा, तोही फसतो. आमचं हे जुनं, हलकं धूड लोखंडी चाकं लावली की त्या चिखलात बदकासारखं फिरतं. भावाच्याही काही बांध्या माझ्याला लागून तिथेच आहेत. म्हणून ट्रॅक्टर सामाईक राहिला. तो उभा राहतो आमच्या दोन्ही घरांच्या मधल्या चिंचेखाली, आणि हॅन्डल असतं भावाच्या दारामागे खिळ्याला. ते त्याने पहिल्याच दिवशी उचलून नेलं. दसऱ्याला तो घरात हॅन्डलची पूजा करतो आणि मी चिंचेखाली ट्रॅक्टरची. एकाच यंत्राला दोन नारळ फुटतात. पुढचा भाग तिकडे, मागचा भाग इकडे, असं कुठल्या देवाला चालतं मला माहीत नाही.

आम्ही बोलत नाही. नाही म्हणजे नाही. त्याने माझ्या वाटेत बैलबंडी आडवी लावून ठेवलेली आहे. माझ्या बांधीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, रातोरात फोडून पाणी त्याच्या बांधीत उतरवलेलं आहे, आणि सकाळी खेकड्याने पोखरला म्हणून सांगितलेलं आहे. मी त्या खेकड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार भर चौकात केलेला आहे. तो कुणाला उद्देशून होता ते चौकात सगळ्यांना कळलं. पण रोवण्याच्या दिवसात, आधी त्याच्या बांध्या आणि मग माझ्या, असे आम्ही चिंचेखाली यायचो. तो हॅन्डल घेऊन यायचा, माझ्याकडे न बघता. मी सीटवर चढायचे, त्याच्याकडे न बघता. तो फिरवायचा आणि ओरडायचा, "पाड!" वर्षभरात भावाच्या तोंडून मला ऐकायला मिळणारा शब्द तो एवढाच. मी पाडायचे. ट्रॅक्टर सुरू व्हायचा. तो हॅन्डल काढून घरी निघून जायचा, किंवा त्याची पाळी असली तर मी उतरायचे आणि तो चढायचा. धुरा फोडल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा असंच झालं होतं.

यंदा पाऊस वेळेवर आला, तलाव भरला. मी हलकं धान लावते, लवकर येणारं. त्याचे पऱ्हे, म्हणजे वाफ्यातली रोपं, झटपट रोवावी लागतात. वाफ्यात जास्त राहिली की पिवळी पडतात, मग रोवून उपयोग नाही. भावाचं भारी धान, त्याचे पऱ्हे अजून कोवळे होते, त्याला सवड होती. माझ्या रोवण्याच्या बाया ठरल्या होत्या. आमच्याकडे त्या दिवसात बाया मिळणं म्हणजे काय ते आमच्याकडच्यालाच कळेल. एकदा हातच्या गेल्या की साऱ्या गावाचं रोवून होईपर्यंत परत फिरत नाहीत. आदल्या दिवशी चिखल करून बांधी तयार हवी होती.

मी वहिनीकडे निरोप दिला की यंदा माझी बांधी आधी घ्यावी लागेल. वहिनी आमच्यातला टपालखात्याचा माणूस आहे. ती घरात जाऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "त्यायचा हात मुरगळला म्हनते. हॅन्डल मारता येत नाई म्हनते. तुमचं तुम्ही पाहून घ्या म्हनते."

"कधी मुरगळला?"

"मले काय इचारता जी? मी काय डाक्टर हाय काय?"

दुपारी मी खताच्या दुकानावरून येत होते. समोरून भाऊ खताची बोरी खांद्यावर टाकून चालला होता. मुरगळलेल्याच हाताने धरलेली. मला बघून त्याने बोरी दुसऱ्या खांद्यावर घ्यायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. लपवायचंच नव्हतं त्याला. मला कळावं हाच बेत होता. माझे पऱ्हे पिवळे पडतील, बाया जातील, बांधी पडीत राहील, आणि काकांनी सगळ्यांच्या माना हलवून घेतलेल्याच आहेत.

मी घरी आले आणि भांडी आपटली. ती काही चुकलेली नव्हती, पण कुणाला तरी आपटायचं होतंच. बाहेरचा ट्रॅक्टर सांगायचा तर भाड्याने देणारे गावातले दोघंही ट्रॅक्टरवाले भावाच्या पंक्तीतले, आणि तलावाखाली फसायला तसाही कोण येतो? हॅन्डल मारायला दुसरा माणूस शोधायचा तर हॅन्डलच भावाच्या खिळ्याला. आणि गावातला कुठला गडी माझ्यासाठी भावाच्या दारातून ते मागून आणणार होता?

सकाळी झिमझिम होती. मी अंगणात आले तर आमच्या दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर हॅन्डल ठेवलेलं. शेजारी वहिनी उभी, हातात झाडू, भिंतीकडे पाठ.

"मी काई देल्लं नाई," ती झाडूला म्हणाली. "मी काई पायलं बी नाई. ते आसगावले गेले, येतीन आता. तुमच्या दोघायच्या भांडनापायी माया घरात दोन दिवस जेवन नाई जाऊन राहिलं कोनाले."

तिचं माझ्यावर प्रेम आहे अशा भ्रमात मी नाही. नवऱ्याची कटकट ऐकून तिचे कान किटले होते, एवढंच. मी हॅन्डल उचललं. ते हातात घेण्याची माझी आयुष्यातली पहिली वेळ. वाटलं त्यापेक्षा जड होतं, आणि धरायच्या जागी भावाच्या मुठीने गुळगुळीत झालेलं.

हॅन्डल मिळालं, पण खटक्यावर कोण? कोणालाही बसवलं असतं तर त्याने डोळ्यांनी पाहून खटका पाडला असता आणि माझं मनगट गेलं असतं. तो आवाज ओळखणारी गावात मी एकटी, आणि मी पुढे उभी राहणार. तलावात जाळं टाकणाऱ्यांच्या घरी जाऊन मी नायलॉनची दोरी मागून आणली. कशाला म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं नाही. एक टोक खटक्याला बांधलं, दोरी बॉनेटवरून पुढे आणली. पुढून ओढली की खटका पडतो, हे करून बघितलं. राहिलं दुसरं टोक. हॅन्डलला दोन्ही हात लागतात. मग मी ते दातात धरलं.

मी कशी दिसत असेन याचा विचार करायला वेळ नव्हता. पदर खोचला, पाय रोवले, चार बोटं वरून घातली, अंगठा त्यांच्या शेजारी. ओढलं. हॅन्डल अर्धं फिरलं आणि थांबलं. पुन्हा ओढलं. घर्र. थांबलं. घर्र. भाऊ हे झोकात करायचा तेव्हा मला वाटायचं नुसता तोरा आहे. तोरा होताच, पण काम अवघड आहे हे मला त्याच्याबद्दल मनात एकही चांगला शब्द न येता मान्य करावं लागलं. खांदे भरून आले. आवाज जुळत आला असं वाटलं आणि मी मान मागे झटकली.

लवकर झटकली. इंजिनाने हॅन्डल उलटं फेकलं. मुठीतून सुटून ते माझ्या हाताच्या कोपराखाली बसलं आणि मी चिखलात बसले. हात जागेवर होता. अंगठा आत असता तर नसता. मी तिथेच बसून भावाला, ट्रॅक्टरला, काकांना आणि माना हलवणाऱ्या सगळ्या नातलगांना मोठ्याने शिव्या दिल्या. वहिनी झाडत होती, तिने झाडू थांबवला नाही.

चूक कुठे झाली ते मला कळलं होतं. मी सीटवरून ऐकायची सवय धरून ऐकत होते. पुढून चाकाचा आवाज वेगळा येतो, लवकर जुळल्यासारखा वाटतो. आणि मला ते जुळावंसं वाटत होतं, दमले होते म्हणून. मी उठले. खटका पुन्हा उचलून ठेवला, दोरी पुसून दातात धरली. या वेळी डोळे मिटून घेतले. घर्र, घर्र, घर्र, आणि मग थांबणं गेलं. गुरगुर आली तरी मी आणखी ओढलं, छाती फुटेल असं वाटेपर्यंत ओढलं, आणि मान झटकली.

ट्रॅक्टरने एक काळा ढेकर दिला आणि धडधडायला लागला. हॅन्डल आपोआप सुटून हातात आलं, ते मी पायाशी टाकलं. एक दात दुखत होता, तो अजून दुखतो. मी ओरडले की रडले ते सांगता येत नाही, त्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही.

त्या ट्रॅक्टरचा आवाज साऱ्या गावाला पाठ आहे. भाऊ आसगावहून परत येत होता, त्याने वाटेतच गाडी जोरात काढली असणार. चिंचेखाली आला तेव्हा चप्पल एकाच पायात होती. त्याने मला पाहिलं, हॅन्डल पाहिलं, बॉनेटवरची दोरी पाहिली. मग तो माझ्याशी बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा "पाड" सोडून दुसरं काही बोलला.

"माया घरात शिरली काहून तू? कोनाले इचारून हॅन्डल घेतलं?"

"तुया हात मुरगळला व्हता ना?" मी म्हटलं. "आता कसा बोट दाखवून राहिला?"

"बाईमानसानं हॅन्डल मारते काय? लोक हासून राहिले."

कोणी हसत नव्हतं. तलावावरून जाळं टाकणारे दोघं येऊन उभे होते, आपल्या दोरीचं काय झालं ते बघायला. माझा हात कोपराखाली निळा होत होता. माझ्या डोक्यात सगळे धुरे एकदम फुटले. आडवी बंडी, खेकडा, खांद्यावरची बोरी.

"आयक," मी म्हटलं. "तुह्या बांध्या रायल्या हायेत ना अजून? येशीन ना हॅन्डल घेऊन? तवा खटका माया हातात राहीन. याद ठेव."

त्याचा चेहरा उतरला असंही नाही, चढला असंही नाही. त्याने खाली वाकून माझ्या पायाजवळचं हॅन्डल उचललं आणि घरात गेला. मी ट्रॅक्टर पांदणीच्या वाटेने तलावाखाली घेऊन गेले आणि दिवसभर चिखल केला. दुसऱ्या दिवशी बाया आल्या, रोवणा झाला. पिवळे पडायला आलेले पऱ्हे पाण्यात उभे राहिले. धुऱ्यावर उभी राहून मी हिरव्या रांगा पाहिल्या आणि मला इतका आनंद झाला, की त्या आनंदात भावाचं नाक कापल्याचा आनंद किती आणि धानाचा किती हे वेगळं काढता येणार नाही. काढायचंही नाही.

मग त्याच्या बांध्यांची वेळ आली. त्याचे पऱ्हे तयार झाले, त्याच्या बाया ठरल्या. दोन दिवस चिंचेखालून घर्र घर्र ऐकू येत होतं. मी खिडकीतून बघत होते. वहिनीला खटक्यावर बसवलं, ती प्रत्येक वेळी उशिरा पाडत होती, भीतीने. मग दोरी बांधून झाली. माझीच युक्ती. त्याच्यात ताकद माझ्या दुप्पट आहे पण कान नाही, लहानपणीही नव्हता. चाक जुळून दोरी ओढायची वेळ आली की तो थबकायचा आणि मग वेळ निघून जायची. माझा पोहे खाण्याचा वेळ फार चांगला गेला.

संध्याकाळी वहिनी भिंतीशी आली. "बाई," ती म्हणाली, "येता का जी?"

"त्यानं बोलवलं?"

"ते कायले बोलवन? मी बोलवून राहिली."

मी गेले. माझं मन मोठं आहे म्हणून नाही. त्याची बांधी पडीत राहिली तरी ती त्याचीच राहणार होती, काकांनी तशी अट त्याला घातलेली नाही. मी गेले ती त्याची जिरलेली जवळून बघायला. पदर खोचून, त्याच्याकडे न बघता सीटवर चढले, दोरी सोडून फेकून दिली आणि खटका उचलला. तो पुढे आला. हॅन्डल बसवलं. तळहातावर थुंकला, ही त्याची जुनी सवय.

आणि मी बघितलं. बघायला नको होतं, वडिलांनी डोळ्यांनी पाहू नको असं सांगितलं होतं. त्याची चार बोटं दांडीवर आली आणि अंगठा त्यांच्या शेजारी येऊन नीट आडवा झाला. विळखा नाही, मूठ नाही. वडिलांनी शंभरदा सांगितलं होतं तसा. त्यांना हे दिसलं असतं तर खूश झाले असते की पोरगं शेवटी शिकलं.

तो फिरवायला लागला. घर्र, घर्र. नेहमीचा झोक नव्हता, अंग चोरून मारत होता. मध्येच त्याने मान वर करून माझ्या हाताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने एकदाही माझ्या हाताकडे पाहिलं नव्हतं. आवाज जुळला, सलग झाला.

"पाड!"

मी पाडला. लवकर नाही, उशिरा नाही. जिथे पाडायचा तिथे. मला दुसऱ्या कुठे पाडताच येत नाही. ट्रॅक्टर धडधडायला लागला. भाऊ हॅन्डल काढून दोन पावलं मागे सरला आणि मी उतरण्याची वाट बघत उभा राहिला.

मी लगेच उतरले नाही. त्या धडधडीत बसून राहिले. धुरा फोडल्यावरही, बंडी आडवी लावल्यावरही, चौकात मी त्याच्या सात पिढ्या काढल्यावरही, दर साली हा माणूस मूठ आवळून पुढे उभा राहत होता, आणि मनगट माझ्या हाती देऊन मोकळा होत होता. मी खटक्यावर आहे ना, म्हणून. मला ते कधी दिसलंच नाही. जे द्यायला नको होतं ते सगळं त्याने हिसकावून घेतलं, आणि एवढंच काय ते दिलं होतं, तेही आता परत घेतलं.

"उतरतं का?" तो म्हणाला.

मी उतरले.